ओली वीण

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्याचेच हात थरथरू लागले, तर त्याने करायचं काय? बायको गेल्यापासून म्हाताऱ्याची झोप उडाली होती. छातीवर सतत धोंडा ठेवल्यासारखं वाटे, आणि वेताची पट्टी ताणायला घेतली की बोटं ऐकत नसत. शेवटी लेकीनेच त्याला समुपदेशक बाईंकडे नेलं.

"समोर एक रिकामी खुर्ची ठेवा," बाई म्हणाल्या. "तुमच्या पत्नी त्यात बसल्यात असं समजा आणि मनात राहिलंय ते बोलून टाका."

"खुर्च्यांशी बोलण्यातच जन्म गेला, बाई," तो हसून म्हणाला. पण घरी आल्यावर त्याने नुकतीच विणलेली एक खुर्ची समोर ओढली.

राहिलेलं एकच होतं. त्या संध्याकाळी तिने आतून हाक मारली होती, "अहो, जरा बसा ना माझ्याजवळ." आणि तो म्हणाला होता, "एवढी ओळ विणून येतो." ओळ संपवून तो आत गेला, तोवर सगळं आटोपलं होतं. हे त्याने लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. खुर्चीला सांगितलं, आणि लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, कोरी वीण खाली दबलेली. तीही डाव्या अंगाला. उजवा खुबा दुखायचा म्हणून बायको नेहमी डावीकडे कलून बसायची. त्याला भीती वाटली खरी, पण त्याहून जास्त बरं वाटलं. मग रोज दिवेलागणीला तो बोलत बसे आणि वीण मधूनच कुरकुरे. हळूहळू हात थरथरायचे थांबले, झोपही लागू लागली.

"आता त्यांना निरोप द्या," बाई म्हणाल्या.

जिवावर आलं, पण दिला. "जा आता... किती ताटकळशील?"

कुणी उठावं तशी वीण कुरकुरली. मग खोली अगदी रिकामी वाटली आणि तो पुन्हा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने ती बैठक खालून ओली केली. ओला वेत सुकताना आवळतो आणि झोळ निघून जातो. मात्र तो सुकेपर्यंत वर कुणी बसायचं नसतं, नाहीतर बसणाऱ्याचा आकार कायमचा राहतो. त्या घरात हे झोपेत विचारलं तरी कुणीही सांगितलं असतं.

दुपारी तो दुसरी खुर्ची विणत असताना लेक कामावरून दमून आली आणि थेट त्या ओल्या खुर्चीत बसली.

"अगं ऊठ, ओली आहे ती!"

लेक उठली नाही. हळूच डावीकडे कलली आणि हाताने उजवा खुबा चोळू लागली.

"अहो..." ती म्हणाली. "झाली का एवढी ओळ?"

हातातली ओळ अर्धीच टाकून तो तिच्याजवळ जाऊन बसला. तिचा हात घट्ट धरून "ऊठ गं बाळा, ऊठ..." म्हणत राहिला. ती नुसती समाधानाने त्याच्याकडे पाहत होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि वीण सुकत चालली होती.