दोन सेंटिमीटर कमी

पहिल्याच भेटीत त्याने तिचं वजन सांगितलं, आणि तेही न विचारता.

कपडे बदलायची खोली शोधत ती भलत्याच दारातून आत शिरली, तर पायाखाली जमिनीत बसवलेला धातूचा चौकोनी पाट. संगणकामागून आवाज आला, "पिशवीसकट सत्तर."

"मी विचारलं होतं?"

"नाही. पण तुम्ही माझ्या पाटावर उभ्या आहात."

तो खेळाडूंच्या उड्या मोजायचा. व्हॉलीबॉलच्या संघात कोण राहणार हे त्याच्या आकड्यांवर ठरे, उडी ठरलेल्या उंचीला पोचली तरच जागा; आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या 'टोळ'चा — मैत्रिणी तिला याच नावाने हाक मारत — सगळा जीव त्या आकड्यात अडकला होता. बाकीच्या मुली तीन उड्या मारून मोकळ्या होत. हिला मात्र तो दरवेळी म्हणे, "पुन्हा."

कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटू लागलं. त्यात कर्णधार कानाशी लागली, "अगं, प्रशिक्षकांचा भाचा आहे तो. तुझा काटा काढायचाय मामाभाच्यांना." झालं. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, तरी ही आधी झाकणाचं सील शाबूत आहे ना, ते बघे.

शेवटी एका दुपारी तिने विचारलंच, "मलाच का पुन्हा?"

"तुम्ही हवेत गुडघे दुमडता," तो मान वर न करता म्हणाला. "पाय उशिरा टेकतात, आणि यंत्राला वाटतं तुम्ही उंच गेलात."

दुमडत तर होतीच ती... मुद्दाम.

"मामांच्या कानावर घालून झालं असेल."

"घालायचं असतं तर पुन्हा कशाला म्हटलं असतं?"

गोड बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "यंत्रच बिघडलंय तुमचं. तुम्ही उभे राहा बघू."

तो मुकाट्याने उभा राहिला. संगणकावरची रेघ सरळ होती. त्याचे गुडघे नीट बघावेत म्हणून ती जवळ गेली — आणि रेघ थरथरली. मागे सरली, रेघ शांत. पुढे आली...

"हलू नका."

"हलत नाहीये."

"मग हे काय?"

"छातीचे ठोके... पाटाला तेही कळतात." त्याचे कान लाल झाले होते.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि आणखी एक पाऊल पुढे आली. तीनदा मोजल्याशिवाय आकडा मानायचा नाही, हा त्याचाच नियम. तिसऱ्यांदा रेघेने पार ताळतंत्र सोडलं.

तिला हसू फुटलं, आणि लगेच नवी शंका आली. आता हा माझी उडी वाढवून सांगणार! प्रेमात पडलेल्या माणसाच्या हाती माप द्यायचं तरी कसं?

ती पाटावर चढली. पाय सरळ ठेवून, होती नव्हती ती ताकद लावून उडाली, टेकली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

त्याने आकडा पुन्हा एकदा तपासला, मग हळूच म्हणाला, "दोन सेंटिमीटर कमी."

तिचे डोळे भरून आले. संघातली जागा अजून हाती नव्हती, तरी छातीवरचा दगड उतरला होता. हा माणूस तिच्याशी खोटं बोलणार नव्हता, प्रेमापोटीसुद्धा नाही.

"निवड पुढच्या महिन्यात आहे," तो म्हणाला. "डावा पाय अजून बिचकतो तुझा. त्याच्यावर भार टाकत नाहीस. रोज आलीस तर... तेवढं भरून निघेल."

'तुझा' तिने बरोबर ऐकलं होतं.

"रोज?"

"रोज."

टेबलावर त्याची अर्धी प्यालेली बाटली होती. तिने ती उचलली आणि झाकणाकडे न बघता घटाघट पाणी प्यायली.