सतराच्या जागी अकरा

त्याची-माझी पहिली भेट झाली ती मधमाश्यांमुळे.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. तिथलं काम आटपून धावतपळत कॉलेजात पोचले, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाच्या, सर्टिफिकेट कोर्सचा पहिलाच दिवस आणि मला उशीर! धापा टाकत जिना चढले, डावीकडच्या पहिल्या वर्गात घुसले, शेवटच्या बाकावर टेकले आणि फळ्यावरचं भराभरा उतरवून घेऊ लागले...

दहा मिनिटांनी शेजारून हलकेच आवाज आला.

"एक विचारू? वकिलाच्या कामात राणीमाशी नेमकी कुठे येते?"

मी वहीत पाहिलं. 'राणीमाशीची ओळख' या ओळीखाली मी चक्क दोन रेघा मारल्या होत्या!

"तुम्हीपण पॅरालीगलचे?" मी कुजबुजले.

"हो ना. पण तुम्ही इतकं मन लावून लिहीत होतात... म्हटलं, असेल काहीतरी संबंध."

आम्ही चोरासारखे वाकून बाहेर पडलो आणि दार लागताच पोट धरून हसलो. त्याच्या गालावर शाईचा डाग होता. मी बोटाने खूण केली, तर त्याने नेमका दुसरा गाल पुसला. तो डाग त्या दिवशी तसाच राहिला, आणि वर्गात माझं अर्धं लक्ष त्या डागाकडेच...

तो कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होता. जुन्या फायली शोधायच्या, सुटलेली पानं दोऱ्याने शिवायची, त्यांवर आकडे टाकायचे. आत्या त्याला न बघताच 'फाईलवाला' म्हणू लागली. "आज काय म्हणाला गं तुझा फाईलवाला?" भाजी निवडता निवडता ती विचारायची.

"माझा कुठला? कॉलेजचा!" मी म्हणायचे. तरी कान तापायचे ते तापायचेच.

या कोर्सला मी का आले, हे त्याने एकदा विचारलं. बाबा गेले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आत्या आणि मी कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होतो. चौथ्यांदा परत पाठवलं, तेव्हा आत्या बाकावर बसून रडायला लागली. एक बाई आपणहून शेजारी येऊन बसल्या, सगळे कागद मांडीवर घेतले आणि कुठला फॉर्म चुकलाय ते सोप्या शब्दांत सांगितलं. त्या पॅरालीगल होत्या हे मला खूप नंतर कळलं.

"मला तसं कुणाच्या तरी शेजारी बसायचंय," मी म्हणाले.

त्याने थट्टा केली नाही. एवढंच म्हणाला, "मी अजून नुसत्या फायली बघितल्यात. त्यांतली माणसं कधी बघितलीच नाहीत."

शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. "सल्ला वकील देईल. माणसाचं ऐकायचं, त्याचे कागद जुळवायचे आणि तो वकिलापर्यंत धड पोचवायचा, हे तुमचं काम," असं त्या पुन्हा पुन्हा बजावायच्या. चौथ्या महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना कोर्टाजवळच्या कायदा मदत केंद्रात प्रात्यक्षिकाला पाठवलं. दर बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून आम्ही एकाच टेबलाशी बसायचो. माझ्या हातून कागदाला पंचिंग मशीनचं भोक मधोमध पडलं नाही की तो भुवया उंचवायचा.

"भोकाकडे बघताय की माझ्याकडे?" एकदा मी विचारलं.

"भोकाकडेच..." तो गडबडला. "म्हणजे... दोन्हीकडे."

अशातच एक सुतार आजोबा आले. मुलगी आणि जावई, दोघंही वारलेले. सहा वर्षांच्या नातीचं पालकत्व त्यांना हवं होतं. तिच्या पायाचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि सही करायला हक्काचा पालक लागत होता. आजोबा बोलताना मधेच थांबायचे, डोळे पुसायचे. मी सगळं लिहून घेतलं. प्रतिज्ञापत्र टाइप केलं, केंद्रातल्या वकीलबाईंनी वाचलं, आजोबांची सही झाली.

पुढच्या बुधवारी चार वाजता कागद दाखल करायला मी निघाले, तर तो समोर आला. त्याच्या हातात आजोबांच्या मुलीचा मृत्युदाखला होता.

"दाखल्यात अकरा तारीख आहे. तुम्ही सतरा लिहिलीय."

सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती. कागद परत आला, की पुढची तारीख कधी मिळेल याचा नेम नव्हता.

"तुम्हाला माझ्या चुका काढायला फार आवडतं ना?" मी फटकन बोलले. मग आवाज खाली आणला. "पांढरी शाई लावून अकरा केलं तर... कुणाला कळणार आहे?"

"सही झालेल्या कागदावर?" तो शांतपणे म्हणाला. "मला कळेल. तुम्हाला कळेल. आणि उद्या कुणी पकडलं, तर खोटे ठरतील ते आजोबा."

त्याने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला.

"खिडकी साडेपाचला बंद होते. अजून दीड तास आहे. तुम्ही मॅडमना फोन करा, मी नवीन कागद टाइप करतो."

मी चूक कबूल केली. मॅडम म्हणाल्या, "लपवली नाहीस, बरं केलंस. आता रडत बसू नकोस, पळ!"

आजोबांकडे फोन नव्हता. आम्ही रिक्षाने त्यांच्या कारखान्यात गेलो. आजोबा पाळण्याच्या दांड्याला रंधा मारत होते. मी चूक सांगितली, माफी मागितली, तर त्यांनाच वाईट वाटलं.

"सतरा मीच बोललो असेन, पोरी. सतराला मी नातीला घरी आणलं ना... तेवढीच तारीख ध्यानात राहते."

केसांत भुसा तसाच ठेवून ते निघाले. वकीलबाईंनी नवीन कागद नजरेखालून घातला, शपथ देणाऱ्या साहेबांसमोर आजोबांनी सही केली, आणि खिडकी बंद व्हायला सात मिनिटं असताना त्यावर शिक्का बसला. मी मागे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, घामाने चिंब, आणि माझ्याकडे बघून हसत होता. त्या हसण्यात 'बघा, मीच सांगितलं होतं' असं काही नव्हतंच. होता तो नुसता आनंद...

दुसऱ्या दिवशी आजोबांना पालकत्व मिळालं. नात त्यांच्या कडेवर होती. तिला काहीच कळलं नव्हतं. ती आजोबांच्या केसांतला भुसा वेचत बसली होती. जाताना आजोबांनी आम्हा दोघांच्या डोक्यावर एकदमच हात ठेवला आणि म्हणाले, "जोडीने आलात, सुखी राहा." त्यांची चूक दुरुस्त करायचं दोघांनाही सुचलं नाही.

ते गेल्यावर आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलो. ऊन कलतं झालं होतं. खालच्या टंकलेखकांची खटखट वरपर्यंत ऐकू येत होती. मला खूप काही बोलायचं होतं.

"काल तुम्ही नसतात तर..." मी सुरुवात केली. "मी ओरडले तुमच्यावर, तरी तुम्ही शेजारी बसलात. कसे आभार मानू?"

"आभार मानून परकं करू नका," तो म्हणाला.

"मग काय मानू?"

तो हातातल्या फाईलची नाडी गुंडाळत राहिला. सोडली, पुन्हा गुंडाळली. कान लालबुंद झाले होते.

"आपलं माना," तो खालमानेने म्हणाला. "जमलं तर..."

मी त्याच्या हातातून ती फाईल काढून घेतली, शेजारी ठेवली, आणि माझा हात त्याच्या हातात दिला.

"मानलं," मी म्हणाले.