दोन हजार चारशे वेढे

भंगारवाल्याच्या ढिगातला ट्रान्सफॉर्मरचा तो काळाभोर फेराइटचा गाभा दोन हातांनी एकाच क्षणी उचलावा, याला योगायोग म्हणायचे की नाही, याविषयी त्या दोघांचे पुढे कधीच एकमत झाले नाही.

एक हात शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेचा होता. बोटांवर खडूची पूड. दुसरा, मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेचे वेढे भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याचा. नखांच्या कडांना वार्निशची पिवळी रेघ.

“बाई, कागदावर वजन ठेवायला बाहेर विटा पडल्यात,” तो म्हणाला.

“मला इन्व्हर्टर करायचाय. बारा व्होल्टचे चार हजार आठशे. आत सहा वेढे, बाहेर दोन हजार चारशे.”

त्याची पकड किंचित सैलावली. “चोवीसशे वेढे घालणार कोण?”

“मी.”

“हाताने?”

“पायाने जमत असतं तर तसं.”

तो हसला आणि गाभा त्याने सोडून दिला. “घ्या. पण भरायचा माझ्या दुकानात. थरांमधला कागद एका ठिकाणी जरी दुमडला, तरी विजेचा एवढा दाब तार फोडून बाहेर पडतो. मग प्रकाश राहतो बाजूला, नुसता जळका वास.”

प्रकाशाचीच तर तिला निकड होती. शाळेच्या प्रयोगशाळेत वायू भरलेल्या काचेच्या पाच नळ्या होत्या. त्या पेटवणारे यंत्र केव्हाच जळाले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितले होते, “शनिवारी नळ्या पेटल्या तर प्रयोगशाळा राहील. नाहीतर त्या खोलीत व्हरांड्यातली जुनी बाकं जातील.”

रोज शाळा सुटली की ती त्याच्या दुकानात येऊ लागली. तिथे नियम एकच होता: मोजणी चालू असताना कोणी बोलायचे नाही. तार गुंडाळायच्या यंत्राचा वेढे मोजणारा काटा मोडला होता, आणि तो दुरुस्त करणे त्याला स्वतःचा अपमान वाटे. तो मनात मोजी. शंभर झाले की टेबलावर बोटाने टकटक करी, आणि ती पाटीवर खडूची एक खूण ओढी. थर भरला की तेलकट कागद गुंडाळणे तिचे काम.

केसाहून बारीक तार त्याच्या दोन बोटांमधून अशी सरकत असे, जणू बोटांना तिचा भारच होत नाही. ताण अणुमात्र वाढता तर ती तुटती. घटता तर वेढा वेढ्यावर चढता. ताणाची सूत्रे तिने वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिली होती. परंतु सूत्र हातात उतरले म्हणजे कसे दिसते, हे ती प्रथमच पाहत होती. अन् पाहता पाहता... तिची नजर बोटांवरून मनगटावर, मनगटावरून चेहऱ्यावर जाई. नेमका तेव्हाच तोही मान वर करी, आणि लगेच खाली घाली.

कोपऱ्यात सुट्या तारा निवडत बसलेल्या त्याच्या आत्याच्या ओठांवर मात्र नियमाचे कुलूप नव्हते. “पूर्वी दारातून वरात गेली तरी हा मान वर करत नसे,” ती तारांना उद्देशून म्हणाली.

गुरुवारी त्याने तार कापली. “चोवीसशे.”

“तेवीसशे,” पाटी पुढे करत ती म्हणाली.

“आठ वर्षांत माझी मोजणी चुकलेली नाही, बाई.”

“माझीही पाटी खोटं बोलत नाही. चला, मीटरलाच विचारू.”

शाळेतून आणलेल्या छोट्या ऑसिलेटरने तिने आतल्या सहा वेढ्यांना अर्धा व्होल्ट दिला. बाहेर दोनशे यायला हवे होते. आले एकशे त्र्याऐंशी.

तिने कागदावर गणित मांडले, पुन्हा मांडले. “बावीसशे. तुम्ही दोनदा शंभर न भरताच टकटक केलीत, आणि मी तुमची एक टकटक ऐकलीच नाही.”

आत्या एकाएकी पाणी आणायला उठली.

“कुठे होतं तुमचं लक्ष?” त्याने हळूच विचारले.

“जिथे तुमचं होतं... त्याच्या बरोबर समोर.”

त्याचे कान लाल झाले. त्याने तार भरलेले बॉबिन हातात घेतले, तारेचे टोक शोधले. “सगळं उलगडतो. पहिल्यापासून भरू.”

“का? वर दोनशे चढवले की झालं. परवा शनिवार आहे.”

“काम चोख हवं ना—”

“चोखच आहे ते.” तिने त्याच्या हातातून टोक काढून घेतले. “शनिवारनंतर मी यायची थांबेन म्हणून उलगडताय ना? येणार आहे मी. त्यासाठी चांगली भरलेली तार वाया घालवू नका.”

त्याने शेवटचे दोनशे वेढे भरले. या वेळी मात्र दोघांनी मोठ्याने मोजले, एका सुरात.

शनिवारी खिडक्यांवर पडदे ओढले गेले. तिने कळ दाबली. बॅटरीशेजारचा तो काळा गाभा अगदी बारीक गुणगुणला आणि पहिली नळी नारिंगी झाली; मग एकेक करून दुसरी गुलाबी, तिसरी निळसर... मुलींचे चेहरे त्या उजेडात ओळखू येईनात. मुख्याध्यापिकाबाई एकेका नळीपाशी वाकून पाहत गेल्या.

“बाकं व्हरांड्यातच राहू देत,” अखेर त्या म्हणाल्या. “किती वेढे आहेत हो यात?”

“दोन हजार चारशे,” ती म्हणाली. आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या त्यानेही तेच म्हटले, त्याच क्षणी.

मुली खुसखुसल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून आधी हिच्याकडे पाहिले, मग दाराकडे.

“मोजले कोणी?”

नळ्यांच्या उजेडात तिने त्याच्याकडे पाहिले. या खेपेस त्याने मान खाली घातली नाही.

“आम्ही दोघांनी,” ती म्हणाली.