चोरीला गेलेलं जोतं

“बाय, माजा जोता चोरीला गेला.”

गोपीनाथरावांनी चहाचा कप बशीत ठेवला. “जोडा? चप्पल-जोडा?”

“जोडा नाय, साहेब. जोता. घराचा. दगडांचा.”

बत्तीस वर्षं डहाणू रोड स्टेशनात तिकिटं देताना गोपीनाथरावांनी हरवलेल्या छत्र्या, ट्रंका, कोंबड्या आणि एकदा चक्क नवरदेवाचा फेटा शोधून दिला होता. पण घराचा पायाच कुणी उचलून नेल्याचं त्यांच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

वसुमतीबाईंचे डोळे लकाकले. मोजणी खात्यातली सव्वीस वर्षांची नोकरी संपवून त्यांनी ओटीवर ‘वसुमती सावे, खासगी तपास’ अशी पाटी लावली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. पाटी गोपीनाथरावांनीच रंगवली होती. शेजारीपाजारी हसले होते. पण आजवर आलेल्या अकरा प्रकरणांपैकी अकराही सुटली होती.

“नीट सांग, देवजी. अगदी पहिल्यापासून.”

देवजी वेवजी गावचा. भात आणि नागली पिकवणारा, गुजरातच्या हद्दीला लागून घर. आजोबांनी घडीव काळ्या दगडाचं जोतं घातलं होतं. वरचं कुडाचं घर दोन वर्षांपूर्वी वादळात गेलं, तेव्हापासून सगळे शेजारच्या झोपडीत राहत होते. यंदा भात चांगलं झालं, म्हणून त्याच जोत्यावर नवं घर उभारून फाल्गुनात लेकीचं, बुधीचं, लग्न त्या दारात लावायचं ठरलं होतं. पौषात सगळे आठ दिवस धरमपूरकडे सासुरवाडीला गेले. परत येऊन पाहतात तो जागेवर नुसता खड्डा!

“पोलीस काय म्हणाले?”

“हसले. म्हनाले, दगड कोन चोरते?”

“हाच तर प्रश्न आहे,” वसुमतीबाई उठत म्हणाल्या. “अहो, चला. तळासरीची एसटी मिळेल.”

वेवजीला देवजीची बायको हिरी खड्ड्याच्या काठावर उभी होती. खड्ड्याशेजारी एकच दगड पडला होता. त्याच्या वरच्या अंगाला वाटीएवढा गुळगुळीत खळगा होता.

“सासूबाय यातच भात कांडायची,” हिरी म्हणाली. “ओट्यावरचा उखळ हाय हा. तेवढा ठेवला मेल्यांनी.”

गोपीनाथरावांनी जोर लावून दगड उलटा केला. मागच्या अंगाला लाल ऑइलपेंटनं एक अक्षर काढलेलं होतं.

“वसू, हे बघ! ‘प’!” ते ओरडले. “चोरानं स्वतःचं नाव घातलंय. डोक्यावरची रेघ द्यायची तेवढी घाईत राहिलीय.”

“राहिलीय खरी,” वसुमतीबाई म्हणाल्या आणि बराच वेळ ते अक्षर बघत राहिल्या.

शेजारचा लहान्या पुढे आला. त्याने सगळं पाहिलं होतं, पण देवजीनं दगड विकले असतील असंच त्याला वाटलं होतं. “ट्रकवर मागं मोठा मोर काढलेला. चार फेऱ्या केल्या. दिवसाढवळ्या, मानसांना वडे बिडे खायला घालून!”

परतीच्या एसटीत गोपीनाथराव म्हणाले, “खाणीवर याच्याहून चांगला दगड मिळतो. मग हा उपद्व्याप कशाला?”

“खाणीवर नवा दगड मिळतो. याला जुना हवा होता.” वसुमतीबाईंनी खिडकीची काच सरकवली. “गेल्या वर्षी फेब्रुवारीत किनाऱ्याचा नवा नियम आला. जूनमध्ये आपल्या डहाणू तालुक्यासाठी आणखी एक. भरतीच्या रेषेजवळ नवं बांधकाम बंद. ज्यांनी हॉटेलं काढायला प्लॉट घेतले, ते डोक्याला हात लावून बसले. पण तिथं आधीपासून घर असेल तर त्याच मापात ते पुन्हा उभारायची परवानगी मागता येते. म्हणजे आता किनाऱ्यावर सगळ्यांत महाग वस्तू कोणती?”

गोपीनाथरावांनी विचार केला. “जुनं घर.”

“आणि घर नसेल तर?”

“अरे देवा. जोतं!”

दुसऱ्या दिवशी डहाणूच्या नगररचना कचेरीच्या फळ्यावर हरकतींसाठी लावलेल्या नोटिसा दोघांनी वाचल्या. जुन्या घराच्या दुरुस्तीचे तीन अर्ज होते. दोन घरं वसुमतीबाईंनी स्वतः मोजलेली होती. तिसरा अर्ज किनाऱ्यावरच्या आगर गावचा होता: ‘पडीक बंगल्याचे जुने जोते, सुरूच्या बनात. मालक सुदर्शन परुळेकर, मुंबई.’ पाहणी सोमवारी होणार होती.

“प, परुळेकर!” गोपीनाथरावांनी फळ्यावर बोट आपटलं. “सुटलं प्रकरण.”

“आधी मोर शोधू या.”

मोर स्टेशनामागच्या गॅरेजात सापडला. ट्रकचा मालक कीर्तीभाई स्वतःच गाडी चालवायचा. त्यानं दोघांना खाटेवर बसवून चहा मागवला.

“दगड? हा, नेले ने! चार फेरी, वेवजीथी आगर. चोरीना छे? अरे राम!” त्यानं खिशातून नाक्याची पावती काढली, डोळ्यांसमोर धरली आणि मग गोपीनाथरावांपुढे केली. “तमे वाचो, साहेब. चष्मो घेर रही गयो.”

पावती त्यानं उलटी धरली होती. गोपीनाथरावांनी ती सुलटी करून तारखा वाचल्या. देवजी सासुरवाडीला होता, तेच दिवस.

“गाडी कुणी ठरवली? माणूस पाहिलात?” वसुमतीबाईंनी विचारलं.

“फोन आव्यो. बोल्या, परुळेकर बोलूं छूं. मजूर बी एनाज हता, भाडुं बी एज लोकोए आप्युं.”

“म्हणजे मजूर त्याचेच आणि भाडंही त्यांनीच दिलं. फोनवर कुठल्या भाषेत बोलले?”

“गुजराती. एकदम चोख्खी.”

बाहेर येताच गोपीनाथराव म्हणाले, “आता तरी पटलं ना? त्यानं स्वतःचं नाव सांगितलंय!”

वसुमतीबाई नुसत्या हसल्या. हे हसू गोपीनाथरावांना लग्नापासून ठाऊक होतं. त्याचा अर्थ ‘तुम्ही चुकताय, पण बोलत राहा’ असा होता.

आगरला किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते. सुरूच्या बनाला नवं तारेचं कुंपण होतं आणि रखमी नावाची कोळीण कुंपणापाशी उभं राहून आतल्या माणसाशी भांडत होती. आतला माणूस म्हणजे सुदर्शन परुळेकर. पन्नाशीचा, डोक्याला टक्कल, कपाळावर आठ्या, अंगात परीटघडीचा सदरा.

“इथं बंगला? आमच्या सात पिढ्या मासळी सुकवतात इथं, कुणी बघितला नाय बंगला!” रखमी म्हणत होती. मागून तिची एक गिऱ्हाईक बाई गुजरातीत मोठ्यानं काहीतरी बोलली.

“काय म्हणते ती?” परुळेकरांनी त्रासून विचारलं.

“म्हनते, तुमी कुंपन घालनार तर कोळनींनी बोंबील काय तुमच्या टकलावर वाळत घालायचे?” रखमीनं सांगितलं.

गोपीनाथरावांना ठसका लागला.

वसुमतीबाईंनी आपण मोजणी खात्यात होतो एवढंच सांगितलं आणि जोतं बघायची इच्छा दाखवली. परुळेकर खूश झाले. “बघा ना! प्लॉट घेतला तेव्हा मला पत्ताच नव्हता. नियम बदलला आणि मी बुडालोच होतो. या आमच्या आर्किटेक्टनं वाळू खणून शोधून काढलं. हे अनिकेत चुरी.”

अनिकेत तरुण, हसतमुख, मराठी अगदी स्वच्छ. हातात टेप घेऊन तो जोत्याची मापं वहीत उतरवत होता. “पारशी गृहस्थाचा बंगला असणार, बाई. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा. सगळे दगड एकसारखे घडवलेत बघा.” मग तो मान खाली घालून पुटपुटला, “बावीस ने छ, अठ्ठावीस.”

जोतं खरंच देखणं होतं. काळं, जुनं, शेवाळाचे डाग पडलेलं. फक्त समोरच्या बाजूला एक दगड इतरांपेक्षा उजळ दिसत होता.

“हा वेगळा का?” गोपीनाथरावांनी विचारलं.

“मूळचा फुटला होता. बदलला,” अनिकेत सहज म्हणाला.

वसुमतीबाईंनी मान डोलावली, रखमीकडून दोन वाटे बोंबील घेतले आणि घरी येऊन ते इतके फर्मास तळले की गोपीनाथराव तपासाचं विचारायचंच विसरले.

सोमवारी सकाळी नगररचनेचे साहेब आले. परुळेकर, अनिकेत, निम्मं आगर आणि वसुमतीबाईंनी निरोप देऊन बोलावलेला कीर्तीभाई असे सगळे जमले. कीर्तीभाईच्या ट्रकमध्ये देवजी, हिरी आणि एक दगड होता.

“साहेब, सही करण्याआधी पाच मिनिटं द्या,” वसुमतीबाई म्हणाल्या. “हे जोतं जुनं आहे, यात शंका नाही. फक्त ते महिन्यापूर्वी वेवजीला होतं.”

“काहीतरीच!” अनिकेत म्हणाला.

“हा उजळ दगड काढा. त्याच्या डाव्या दगडाच्या मागं चार लिहिलेलं असेल, उजव्याच्या मागं सहा. लाल रंगात.”

“भिंत ढासळेल!”

“ढासळू दे,” साहेब म्हणाले. त्यांनाही आता मजा वाटू लागली होती.

देवजीनं पहार घातली. उजळ दगड निघाला, मग दोन्ही बाजूंचे. चार होता. सहाही होता. आगरकरांनी टाळ्या वाजवल्या.

“आता ट्रकमधला दगड बसवा.”

उखळाचा दगड त्या जागेत असा बसला की मध्ये बोट जाईना. हिरी पदरानं डोळे पुसत हसली.

“जोतं उतरवताना चोरानं दगडांवर नंबर घातले, म्हणजे इथं त्याच क्रमानं लावता येतील,” वसुमतीबाई म्हणाल्या. “पाचव्यावर उखळ निघालं. पारशी बंगल्याच्या दर्शनी भिंतीत भात कांडायचं उखळ कसं चालेल? म्हणून तेवढा दगड टाकला आणि इथं नवा बसवला. आमच्या यांना त्या पाचव्यावर ‘प’ दिसला.”

“मग तो ‘प’च होता!” गोपीनाथराव म्हणाले.

“नव्हता. रेघ घाईत राहिली नव्हती, तिथं ती मुळात नसतेच. गुजरातीतला पाच आपल्या बिनरेघेच्या ‘प’सारखा दिसतो.”

सगळ्यांनी कीर्तीभाईकडे पाहिलं. त्यानं घाबरून हात जोडले.

“कीर्तीभाईंनी पावती उलटी धरली होती. चष्म्याचं निमित्त होतं.” वसुमतीबाईंचा आवाज मऊ झाला. “ज्याला वाचता येत नाही, तो आकडे कसे लिहील? राहिले परुळेकर. फोनवरचा माणूस त्यांचं नाव सांगत होता, पण चोख गुजराती बोलत होता. परुळेकरांना तर रखमीच्या गिऱ्हाइकाचं एक वाक्य कळलं नाही. त्यांचं नाव घेणारा दुसराच कुणीतरी होता. माणूस चारचौघांत हव्या त्या भाषेत बोलतो. मनातल्या मनात बेरीज मात्र शाळेत शिकला त्याच भाषेत करतो. चुरी, त्या दिवशी मापं घेताना तुम्ही गुजरातीत ‘बावीस ने छ’ पुटपुटलात; सांगा, बावीस आणि सहा किती?”

अनिकेतच्या हातातला टेप सुटून वाळूत पडला.

“अठ्ठावीस,” तो अखेर म्हणाला. “उंबरगावला शिकलो. वडील तिथं नोकरीला होते.” मग त्यानं परुळेकरांकडे पाहिलं. “हॉटेलचं सगळं काम मला मिळणार होतं. माझं पहिलं मोठं काम. नियम आला आणि गेलं. मला वाटलं, रानातले पडके दगड, कोण विचारणार?”

“आमी इचारनार,” देवजी शांतपणे म्हणाला. “माजे आज्याने एकेक दगड डोकीवर आनलेला.”

अनिकेतची मान खाली गेली. साहेबांनी अर्जावर लाल शाईनं रेघ मारली, पंचनामा लिहायला घेतला आणि पोलिसांना बोलावणं धाडलं. परुळेकर कुंपणापर्यंत चालत गेले. मग वळून रखमीला म्हणाले, “कुंपण काढतो. बोंबील वाळवा.” रखमीनं त्यांना लगेच आठ बोंबील बांधून दिले, तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदा सैल झाल्या.

आठवड्यानं पंचनाम्याचं काम आटोपलं आणि मोराचा ट्रक पुन्हा चार फेऱ्यांना निघाला. या वेळी आगरहून वेवजीला, आणि कीर्तीभाई भाडं घ्यायला तयार नव्हता. दगड चढवायला अर्धं आगर आलं, उतरवायला अख्खं वेवजी. नंबर लाल रंगात होतेच. देवजी म्हणाला, चोरानं तेवढं काम सोपं करून ठेवलं.

फाल्गुनात नव्या घराच्या दारात बुधीचं लग्न लागलं. जेवणं झाल्यावर बायकांनी कमरेत हात गुंफून फेर धरला आणि हिरी वसुमतीबाईंना ओढायला आली. मोजणी खात्यातल्या वसुमतीबाई नाही नाही म्हणत उठल्या. पहिल्या दोन पावलांना चुकल्या, तिसऱ्याला त्यांना ताल सापडला.

गोपीनाथरावांनी त्यांची पर्स आणि चपला हातात धरल्या. शेजारी कीर्तीभाई होता.

“बेन तो सरस नाचे छे!” तो म्हणाला.

“मला माहीतच नव्हतं,” गोपीनाथराव म्हणाले. बत्तीस वर्षं एका घरात राहूनही आपल्याला हे कळलं नाही याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही. त्यांनी पर्स आणि चपला कीर्तीभाईच्या हातात कोंबल्या आणि तेही फेरात शिरले.