सणाच्या दिवशी मोजायचं नाही

पाचही वस्त्यांचे अहवाल म्हणत होते, कार्बन डायऑक्साइड (श्वासातून आणि जळणातून निघणारा वायू) कमी झाला. मधल्या बागेतला मोठा मापक म्हणत होता, वाढला. मंगळावरच्या आमच्या वस्त्या नळ्यांनी जोडलेल्या आहेत, म्हणजे हवा सगळ्यांची एकच. मग खोटं कोण बोलत होतं?

आकडा आणखी वाढला तर पाच वर्षांखालच्या मुलांना पृथ्वीवर पाठवणार होते. माझा भाऊ निमिष तीन वर्षांचा. त्याला अजून बूटसुद्धा घालता येत नाहीत.

मी मोठ्या मापकाच्या नोंदींचा आलेख (आकड्यांचं चित्र) काढला. रेघ मधूनच उडी मारत होती. उड्यांच्या तारखा मी दिनदर्शिकेशी ताडून पाहिल्या. प्रत्येक उडी कुठल्यातरी वस्तीच्या सणाची होती, आणि सगळ्यांत मोठी आमच्या पाडव्याची. त्या दिवशी आमची विटा भाजायची गॅसभट्टी धडाडून पेटली होती. मी तिथे मजेत शेकत बसले होते.

सणाला वस्त्यांचे आपापले मापक बंद असतात. पाहुणे, पुरणपोळ्या, त्यात कुठे मोजत बसायचं, म्हणून पाचही वस्त्यांनी हा वायू कमी सोडण्याचा जो हवेचा करार केला होता, त्यातच तशी सवलत होती. मग काय, धुराची सगळी कामं सणाला!

मी धावत हेमाआत्याकडे गेले. ती हवाशास्त्रज्ञ, करार तिनेच लिहिलेला. तिने आलेखातल्या एकेका उडीवर बोट ठेवून तारखा वाचल्या.

"ती सवलत मीच घातली गं," ती म्हणाली. "सगळ्यांनी सही करावी म्हणून. पण हवेला सही कळत नाही."

आत्या चुकू शकते, यावर माझा विश्वासच बसेना.

मग तिने समजावलं. पृथ्वीवरचे देशही इथेच अडतात. वचनाला पडताळणी (सांगितलेलं खरं आहे का, ते तपासणं) हवी. शेजारी फसवतोय अशी शंका आली, की आपणही हात आखडता घेतो.

पाचही वस्त्यांच्या सभेत आत्याने आलेखातला आमचाच पाडव्याचा आकडा आधी वाचला. मग एकेक वस्ती खरं बोलू लागली. नवा करार झाला: सवलत नाही, प्रत्येकाची हवा शेजाऱ्याने मोजायची, मोजू न देणाऱ्याशी देवाणघेवाण बंद. ज्यांना विजेची भट्टी जमत नव्हती, त्यांना ती सगळ्यांनी मिळून दिली.

यंदा पाडव्याला शेजारच्या वस्तीतल्या कुंजाताई मापक घेऊन आल्या. त्यांनी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं, पण काट्यावरची नजर काढली नाही. बागेतला आकडा पहिल्यांदाच उतरला होता. निमिष त्यांच्या पायाशी बसून, उलटा का होईना, स्वतःचा बूट स्वतः घालत होता.