साखरेच्या सुळक्यावरच्या रेषा

डोंगर एकदा मोजला की तो माणसाच्या मुठीत येतो, असं बास्सूचं ठाम मत होतं. हे मत तो ज्या देवदाराला ऐकवत होता, त्याच देवदारापाशी तो सकाळपासून तिसऱ्यांदा येऊन पोचला होता.

"साहेब, हरवलात?" मागून आवाज आला. हातात काठी, पाठीमागे चाळीस शेळ्या.

"मी सरकारी नकाशा काढतोय."

"मग त्यातच बघा की, वाट कुठाय ते."

ती तूदा. पुढचे तीन आठवडे तिने त्याची मोजपट्टी धरली. त्याच्या जुन्या दुर्बिणीत जग उलटं दिसायचं. तूदा आकाशातून लोंबायची, आणि तरीही... सुंदर दिसायची. कुठल्या खिंडीत धुकं आधी उतरतं, कुठला झरा बर्फाखाली दडतो, ती मान न वळवता सांगायची. मोजल्यावर तसंच निघायचं. बास्सू वहीत आकडे लिहायचा आणि बाकीचं गिळायचा.

उद्या त्याला राजधानीला, राबातला, परत नेणारी जीप. मोजायचं उरलं होतं फक्त तिच्या वडिलांचं, मोहाकाकांचं, कुरण, आणि ते आत पाऊल टाकू देईनात. "डोंगर कागदावर सपाट केलास, तर शेळ्या चढायच्या कुठे?"

शेवटी बास्सूने तंबूतला साखरेचा सुळका, चहासाठी फोडायची ती शंकूसारखी टणक ढेप, काढला, निळा कागद सोडवला, पेन्सिलीने त्याभोवती नकाशातल्यासारख्या एकावर एक रेषा ओढल्या आणि तो नेऊन मोहाकाकांपुढे चटईवर ठेवला. "काका, हा तुमचा डोंगर समजा..."

 मोहाकाकांनी पागोटं नीट करून चहा ठेवायला सांगितलं. दारात जमलेल्या शेजारणींपैकी कुणीतरी आनंदाची लांब लकेर सोडली.

तेव्हा कुठे बास्सूच्या डोक्यात उजेड पडला. लग्नाची मुलगी असलेल्या घरी साखरेचा सुळका एकाच कामासाठी नेतात. त्याच्या आईच्याही घरी असाच आला होता.

तूदाने त्याला अंगणात ओढलं. "काय आणलंत, कळतंय ना?"

"उंचीच्या... रेषा."

"मग परत न्या. शहरातला माणूस, चुकला, असं सांगते मी बाबांना." ती काठीने उगाच एक दगड टोकरत राहिली. "जीप उद्याच आहे ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच दुर्बिणीशिवाय, सरळ.

"तीन आठवडे गप्प बसलो, ते चुकलं. आजचं... नाही चुकलं. सुळका राहू दे, तूदा."

काठी थांबली. "राहू दे," ती हळूच म्हणाली. "फक्त एक करा—"

"सांग."

"चहा उकळायच्या आत त्या रेषा खरवडून टाका. बाबांना चहात पेन्सिल चालत नाही."