बावन्नावं नाणं

"दिवाकर, तिले सांग, चहात साखर कमी पडली."

यशवंतराव हे बोलले तेव्हा 'ती' त्यांच्यापासून दोन हातांवर बशी घेऊन उभी होती. पद्मिनीनं निमूटपणे कप उचलला, आत जाऊन साखर घातली आणि पुन्हा सासऱ्यांपुढं आणून ठेवला. तीन वर्षं! तीन वर्षांत त्यांचा एकही शब्द थेट तिच्यासाठी निघाला नव्हता... मीठ दिवाकरमार्फत, साखर दिवाकरमार्फत, तापाची गोळीसुद्धा नवऱ्यामार्फत! त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या पदरात घेतल्या असत्या. पण तोंडाला कुलूप लावलेल्या माणसापुढं कोणी काय करावं?

आणि आता तो दिवाकरच चालला होता. छत्तीसगडचं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, चौबे कॉलोनीत घरोघरी पेढे वाटले गेले. मागाहून दोन राज्यांत सरकारी नोकरांच्या वाटणीच्या याद्या निघाल्या आणि दिवाकरचं नाव नेमकं जुन्या राज्याच्या, भोपाळच्या यादीत आलं. यशवंतराव रायपूर सोडायला तयार नव्हते. "मग मीही इथंच राहते, मामाजींपाशी," असं पद्मिनी सासऱ्यांकडं पाहत म्हणाली तेव्हा दिवाकरनं कपाळावर हात मारला.

"अन् बोलणार कोणाच्या मार्फत तुम्ही दोघं? भिंतीच्या?"

पद्मिनीला जन्मात आता एकच हवं होतं... त्यांनी पूर्वीसारखं एकदा, फक्त एकदाच, "पद्मे" म्हणावं!

चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. भंडाऱ्याला मामाच्या घरी ती "ए पोट्टी" या हाकेवर वाढली. लग्न होऊन या घरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात यशवंतरावांनी हाक मारली, "पद्मे, इकडे ये, तुले दुनिया दाखवतो!" त्या हाकेनं तिचं अनाथ काळीज कसं भरून आलं होतं! त्यांनी लाकडी पेटी उघडली. आत बावन्न नाणी, तांब्याची आणि काशाची, एकेक तळहात भरेल एवढं. दोन डोक्यांच्या गरुडाचं रशियाचं, कांगारूचं ऑस्ट्रेलियाचं, आणि पिलांसकट कोंबडीचं आयर्लंडचं... ते तिला सगळ्यांत आवडलं. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकाम कारखान्यात यशवंतराव स्टोअर सांभाळायचे. तिथं परदेशातून पोत्यांनी वितळवायच्या भंगाराची मोड यायची आणि तिच्यात कधीमधी असं एखादं नाणं सापडायचं. फुकट त्यांनी एकही घेतलं नाही. मालकाला विचारून, नाण्याच्या वजनाइतकं घरचं तांबं भट्टीत द्यायचं, मगच नाणं खिशात घालायचं. रोज संध्याकाळी ते एकेका देशाची गोष्ट सांगत आणि पद्मिनी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसे.

आणि मग ती धनत्रयोदशी आली. कुठल्याही घरच्या सुनेनं जे केलं असतं, तेच तिनं केलं. पूजेला धन मांडायचं, मग घरातलं धन कोणतं? मामाजींची नाणी! तिनं चिंच भिजवली, मीठ घेतलं, आणि दुपारभर घासून बावन्नच्या बावन्न नाणी ताम्हनासारखी लखलखीत केली. ताटात मांडून, मध्ये दिवा लावून हर्षभरानं म्हणाली, "पाहा न मामाजी, नवी कोरी झाली!"

यशवंतरावांनी पाहिलं. ते मटकन खाली बसले आणि मुलाकडं तोंड करून म्हणाले, "दिवाकर... तिले सांग, हे माह्या डोळ्यांपुढून हटव."

रात्री दिवाकरनं तिला समजावलं, की जुन्या नाण्यावरचा तो काळपट रंग म्हणजेच त्याचं वय. शंभर वर्षांत चढतो आणि चिंचेनं एका दुपारी जातो. पद्मिनी उशीत तोंड खुपसून रडली. यशवंतरावांनी त्यानंतर पेटी कधी उघडली नाही. ती देव्हाऱ्याखाली पडून राहिली.

पण ताट उचलताना घरंगळलेलं एक नाणं तिला दुसऱ्या दिवशी मोरीपाशी सापडलं होतं. भीतीनं तिनं ते कमरेला खोचलं आणि कामाच्या गडबडीत तिथंच राहू दिलं. पुढं कितीतरी दिवसांनी पाहिलं, तर घामानं आणि अंगाच्या उबेनं त्यावर हलकी तपकिरी छटा चढली होती! त्या दिवसापासून तिनं हे व्रतच घेतलं. एकेक नाणं कमरेला, तीन-तीन आठवडे. स्वयंपाक करताना, धुणं धुताना, दुखण्यात, सणात... कातडीला वळ पडले, तरी कोणाला सांगितलं नाही. भोपाळला न जाण्याचं कारणही तेच होतं. बावन्नावं नाणं अजून व्हायचं होतं, आणि ते झाल्याशिवाय कोणत्या तोंडानं जायचं?

निघायच्या दिवशी दिवाकर ऑटो आणायला गेला. पद्मिनी वाकून त्याच्या वळकटीला दोरी बांधत होती, तोच कमरेचं नाणं निसटलं, फरशीवर खणकन वाजलं आणि घरंगळत थेट यशवंतरावांच्या पायाशी जाऊन पडलं.

त्यांनी ते उचललं. पिलांसकट कोंबडी! घरात निरोप सांगायला तिसरं माणूस नव्हतं.

"हे... हे तुह्यापाशी काहून?" त्यांचा आवाज चिरकला. "चोरासारखी लपवून काय करून राहिली तू?"

पद्मिनी जागच्या जागी खाली बसली. डोळ्यांतून धारा लागल्या आणि ओठांवर हसू!

"मामाजी... तुम्ही बोलले! मले बोलले! चोर म्हणा, काहीही म्हणा... पण मलेच म्हणा, कोणाच्या मार्फत नका म्हणू!"

यशवंतराव गोंधळले. त्यांनी नाणं उजेडात धरलं. कडेनं तपकिरी, मध्ये अजून गुलाबी. "याले रंग कसा चढला?"

तिनं पेटी आणून त्यांच्यापुढं उघडली. एकावन्न नाणी सावळी होऊन शांत पडली होती. हुंदके देत तिनं सगळं सांगितलं... मोरी, कमर, तीन-तीन आठवडे. म्हातारा एकेक नाणं उचलत होता, ठेवत होता आणि त्याचे हात थांबत नव्हते.

"रंगासाठी नाही रुसलो वं मी," ते अखेर म्हणाले. "ह्याच्यावर तुह्या सासूचा, प्रेमलेचा हात होता. तिनं आपलं लग्नातलं घंगाळ तोडून दिलं, त्याचंच तांबं तोलून एकेक नाणं आणलं मी. रोज संध्याकाळी ती हीच नाणी हाती घेऊन बसायची. ती गेल्यावर मी तिचा हात म्हणून हीच धरायचो... तू घासली, त्या दिवशी ती दुसऱ्यांदा मेली मले."

"मग सांगितलं काहून नाही हो?"

"काय सांगू? म्हातारा बायकोसाठी रडून राहिला, हे सुनेले सांगू?"

पद्मिनीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "माफ करा मामाजी... आईंचा हात मी कुठून आणू?"

"तो येत नाही. कुठूनच येत नाही." त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. "पण ह्या एकावन्नांवर आता तुहा हात आहे. जाणकार म्हणन, हा जुना रंग नव्हे. जाणकार गेला चुलीत!" मग शेवटचं नाणं त्यांनी तिच्या मुठीत दाबलं. "हे घेऊन तू आजच दिवाकरसंग भोपाळले जा. संसार मोडून म्हाताऱ्यापाशी बसू नको. रंग चढला का आणून दाखव मले. वाट पाहतो मी."

"तुम्ही एकटे..."

"एकटा तर तीन वर्षांपासून होतो. माहीच करणी."

दारात ऑटो वाजला. दिवाकर आत आला आणि वडिलांचा रडवेला चेहरा पाहून सवयीनं म्हणाला, "काय झालं बाबा? तिला काही सांगायचंय का?"

"तू काहून सांगतं? माह्या तोंडाले काय झालं?" यशवंतरावांनी डोळे पुसले आणि बायकोच्या फोटोकडं एकदा पाहून घेतलं. "पद्मे, जायच्या आधी चहा टाक बाई. साखर जरा जास्त."